चौसष्ट हजारांचा हिशोब

मार्च २०२३ मध्ये रशियाच्या अतिपूर्वेकडून पश्चिमेकडे निघालेल्या एका मालगाडीचे फोटो जगभर फिरले. उघड्या वाघिणींवर रणगाडे लादलेले होते, आणि ते होते टी-५४ व टी-५५. प्रिमोर्ये प्रांतातल्या आर्सेन्येव गावात रणगाडे साठवण्याचं आणि दुरुस्त करण्याचं १२९५ क्रमांकाचं लष्करी केंद्र आहे, तिथून ते बाहेर काढले होते. आर्सेन्येव ते युक्रेनची आघाडी हा रेल्वेचा प्रवास नऊ हजार किलोमीटरच्या आसपासचा. टी-५४ सोव्हिएत लष्करानं स्वीकारला १९४६ साली, म्हणजे स्टालिनच्या हयातीत. यात नेम धरून देणारा संगणक नाही. लक्ष्याचं अंतर दुर्बिणीच्या काचेवरच्या रेघांवरून ताडायचं, आणि १०० मिलिमीटरचा गोळा माणसानं दोन्ही हातांनी उचलून तोफेत भरायचा. सत्तर वर्षांमागच्या या यंत्रात एकविसाव्या शतकातली चार माणसं बसणार होती आणि त्यांच्या डोक्यावर ड्रोन घिरट्या घालणार होते.

जगातल्या दुसऱ्या क्रमांकाचं म्हणवलं जाणारं लष्कर एवढं मागं का जातं, हे समजायला त्याच्या मागं असलेला ढीग आधी पाहावा लागतो. तो ढीग मानवी इतिहासात दुसऱ्या कोणी उभा केलेला नाही.

१९९० साली सोव्हिएत संघानं स्वतःच जाहीर केलेल्या आकड्यांनुसार त्याच्याकडे सुमारे ६४ हजार रणगाडे होते. आकडा वाचून डोळ्यांसमोर काही येत नाही, म्हणून जरा मांडून पाहू. तोफेसकट एक रणगाडा नऊ-साडेनऊ मीटर लांब. ६४ हजार रणगाडे एकामागं एक उभे केले तर रांग सहाशे किलोमीटरच्या घरात जाते. मॉस्को ते सेंट पीटर्सबर्ग हा रेल्वेमार्ग ६५० किलोमीटरचा आहे, म्हणजे तो जवळजवळ सगळा भरतो. एकाचं वजन सरासरी ४० टन धरलं तर एकूण पोलाद पंचवीस लाख टनांवर जातं. आयफेल टॉवरमधलं लोखंड ७,३०० टन आहे, तेव्हा हे साडेतीनशे टॉवर झाले. एकाच्या टाकीत हजार लिटर डिझेल धरलं तर सगळ्यांच्या टाक्या एकदा भरायला सहा कोटी चाळीस लाख लिटर लागतं. आणि ते चालवायला किमान दोन लाख प्रशिक्षित माणसं. चिलखती गाड्या, तोफा, विमानं, पाणबुड्या हे सगळं आणखी वेगळं.

इतके का बनवले? दुसऱ्या महायुद्धानं रशियनांना एक धडा दिला होता आणि तो त्यांनी रक्त सांडून घेतला होता. त्या काळात आणि त्यानंतर मिळून टी-३४ जातीचे ऐंशी हजारांहून जास्त रणगाडे बनले. युद्धात ते हजारोंनी जळाले आणि तरीही बर्लिनला पोचले. तिथून सोव्हिएत नियोजनाचा सिद्धान्त पक्का झाला. यंत्र फार काळ टिकण्याची गरज नाही, कारण लढाईत ते टिकतच नाही. ते सोपं असावं, स्वस्त असावं आणि मागून दुसरं येत राहावं. नवीन पिढी आली तरी जुनी मोडीत काढायची नाही, मागच्या रांगेत ठेवायची. टी-५५ नंतर टी-६२, मग टी-६४, टी-७२, टी-८०. १९८० च्या दशकात दरवर्षी तीन हजारांच्या आसपास नवे रणगाडे कारखान्यांतून बाहेर पडत होते. एकट्या टी-७२ चे पंचवीस हजारांहून जास्त नग बनले.

मग नोव्हेंबर १९९० मध्ये पॅरिसला युरोपातल्या पारंपरिक सैन्यकपातीचा करार झाला. उरल पर्वताच्या पश्चिमेला सोव्हिएत संघानं १३,१५० पेक्षा जास्त रणगाडे ठेवायचे नाहीत असं ठरलं. करारात सीमा उरलची होती. त्यामुळे सही होण्याआधीच उरलच्या पश्चिमेकडून पूर्वेकडे रेल्वेगाड्या धावू लागल्या आणि सोळा हजारांहून जास्त रणगाडे सायबेरियाच्या बाजूला नेऊन टाकण्यात आले. कागदावर शस्त्रकपात झाली, पण रणगाडे होते ते फक्त नजरेआड गेले. वर्षभरात सोव्हिएत संघच उरला नाही. ज्या माणसांनी ते यंत्र बनवलं होतं, ज्यांना त्याचा नट न् नट ठाऊक होता, त्यांचे पगार थांबले. आणि उघड्या माळावर रांगा तशाच उभ्या राहिल्या.

इथं मला जरा थांबायचं आहे, कारण सगळ्या गोष्टीचं मर्म या माळांवर आहे.

रणगाडा म्हणजे जाड पोलाद, त्याला काय होणार, असं आपल्याला वाटतं. पोलादाला खरंच फारसं काही होत नाही. पण रणगाडा पोलादावर चालत नाही. तो चालतो रबरी सीलवर, तेलाच्या नळ्यांवर, तांब्याच्या तारांवर, बॅटऱ्यांवर आणि काचांवर. पावसाळाभर अंगणात उभी राहिलेली स्कूटर दसऱ्याला सुरू करायला गेलं की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. इथं पावसाळा नव्हे, तीस हिवाळे गेले. सायबेरियात थंडीत पारा शून्याखाली चाळीसपर्यंत उतरतो आणि उन्हाळ्यात तीसच्या वर चढतो. या ताणानं रबर कडक होऊन तडकतं. झाकणाच्या फटीतून बर्फाचं पाणी आत उतरतं, गोठतं, वितळतं आणि पुन्हा गोठतं. दुर्बिणीच्या काचांमध्ये बाष्प धरतं. इंजिनातलं तेल खाली बसतं आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडून गंजतात. चाकांवरचं रबर एकाच जागी भार सोसून बसकं होतं.

नियमानं साठवलेला रणगाडा असा सडत नाही. त्याला छप्पर द्यावं लागतं, फटी बंद कराव्या लागतात, बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवाव्या लागतात आणि ठरलेल्या काळानं बाहेर काढून चालवावं लागतं. यासाठी माणसं लागतात आणि पैसा लागतो. १९९० च्या दशकात रशियन लष्कराकडे अधिकाऱ्यांचे पगार वेळेवर द्यायला पैसा नव्हता. उलट, रणगाड्याच्या विजेच्या यंत्रणेत आणि रात्री पाहण्याच्या उपकरणांत जे होतं ते बाजारात विकलं जाणारं होतं.

फेब्रुवारी २०१० मध्ये येकातेरिनबुर्गच्या बाजूला, येलान्स्की रेल्वे स्टेशनजवळच्या जंगलात लोकांना बर्फाखाली उभे रणगाडे सापडले. टी-७२ आणि टी-८० मिळून दोनशेच्या आसपास. पहारा नाही, कुंपण नाही. गावातल्या लोकांनी आत चढून चित्रफिती काढल्या. दोनशे रणगाडे म्हणजे कित्येक देशांचं सगळं चिलखती दळ. ते झाडीत उभे राहिले आणि कोणाला काही करावंसं वाटलं नाही. पुढच्याच वर्षी रशियाचे मुख्य लष्करी सरकारी वकील सेर्गेई फ्रिदिन्स्की यांनी जाहीर मुलाखतीत सांगितलं की संरक्षणासाठी मंजूर होणाऱ्या पैशातला पाचवा हिस्सा चोरीला जातो. हे रशियाच्या शत्रूनं म्हटलेलं नाही. ज्यांचं काम ती चोरी पकडण्याचं होतं त्यांनी म्हटलं आहे. जुलै २०२५ मध्ये माजी उपसंरक्षणमंत्री तिमूर इव्हानोव यांना आर्थिक अपहारासाठी तेरा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्या वाक्याला चौदा वर्षं झाली होती.

आता मोजणीकडे वळतो. लंडनची आयआयएसएस ही संस्था दरवर्षी जगातल्या सैन्यांचा ताळेबंद प्रसिद्ध करते. २०१० च्या दशकातल्या तिच्या अंकांत रशियाच्या कोठारात १७,५०० रणगाडे दाखवलेले असत. त्यांत २,८०० टी-५५, २,५०० टी-६२, २,००० टी-६४, ७,००० टी-७२, ३,००० टी-८० आणि २०० टी-९०. पुढं युद्धाआधीच्या अंकांत हा आकडा १०,२०० वर आला. वजाबाकी केली की दिसतं, टी-५५, टी-६२ आणि टी-६४ या तीन जुन्या जातींचे ७,३०० रणगाडे यादीतून उतरवले गेले. त्यांचा आता लढाईत उपयोग नाही असं जाणकारांनी धरलं होतं, आणि तसं धरण्यात काही गैर नव्हतं. पण २०२२ च्या उन्हाळ्यात टी-६२ आघाडीवर दिसले, आणि २०२३ च्या मार्चमध्ये आर्सेन्येवची ती मालगाडी निघाली. जे यादीतून उतरले होते ते वाघिणींवर चढले.

उरलेले १०,२०० तरी होते का? लोखंडाचे सांगाडे म्हणून होते. पण सांगाडा म्हणजे रणगाडा नव्हे. एक चालता रणगाडा उभा करायला दोन-तीन सांगाड्यांची उत्तरक्रिया करावी लागते. एकाचं इंजिन, दुसऱ्याचा गिअरबॉक्स, तिसऱ्याची तोफ. डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षणमंत्री शोयगू यांनी सांगितलं की वर्षभरात सैन्याला १,५३० रणगाडे मिळाले. आकडा जबरदस्त आहे. पण लंडनच्याच रुसी या संस्थेच्या अभ्यासकांचा अंदाज असा की अशा वार्षिक आकड्यातले ऐंशी टक्क्यांच्या आसपास रणगाडे कोठारातून काढून दुरुस्त केलेले असतात. सायबेरियातल्या चिता शहरापासच्या आतामानोव्हका गावातल्या १०३ क्रमांकाच्या दुरुस्ती कारखान्याला तीन वर्षांत ८०० टी-६२ नव्यानं सजवून द्यायचं काम २०२२ मध्ये दिलं गेलं. टी-६२ चं उत्पादन सुरू झालं १९६१ साली. तो दुरुस्त करणाऱ्या कामगाराचा आजा कदाचित तो बनवायला होता.

दुसऱ्या बाजूची मोजणी सामान्य माणसांनी केली. ओरिक्स नावाच्या गटानं फोटो किंवा चित्रफितीचा पुरावा असलेलाच रणगाडा मोजायचा असा नियम घालून घेतला, आणि २०२५ मध्ये त्यांची गमावलेल्या रशियन रणगाड्यांची मोजणी चार हजारांवर गेली. हा किमान आकडा आहे, कारण ज्याचा फोटो निघाला नाही तो यात नाही. आयआयएसएसच्या अंदाजानुसार एकट्या २०२४ मध्ये १,४०० रणगाडे गेले, म्हणजे रोज जवळजवळ चार. आणखी काही जण विकत मिळणारी उपग्रहचित्रं घेऊन बसले आणि वेर्ख्न्याया पिश्मा, उलान-उदेजवळचं वागझानोव्हो अशा आगारांतल्या आयताकृती ठिपक्यांची एकेक करून गणती केली. रांगा दर वर्षी विरळ होत गेल्या. आधी आतल्या छपराखालचे आणि धड दिसणारे गेले. मागं राहिले ते बुरूज नसलेले, झुडपं उगवलेले.

साधा भागाकार करून पाहा. १०,२०० ला वर्षाच्या १,४०० नं भागलं तर सात वर्षं पुरायला हवेत. प्रत्यक्षात तीन वर्षांतच उपयोगी माल संपत आला आणि २०२५ मध्ये रशियन तुकड्या मोटरसायकलींवरून, आणि १९६५ पासून उल्यानोव्स्कमध्ये बनत असलेल्या उआझ-४५२ व्हॅनमधून हल्ल्याला जाताना दिसू लागल्या. यात ड्रोनचा भाग मोठा आहे, रणगाडा बाहेर काढणंच अवघड झालं हे खरं. तरी सात आणि तीन यांच्यामधला फरक माझ्या मते त्या माळावरच्या तीस हिवाळ्यांचा आहे.

नव्याचं काय झालं तेही दोन वाक्यांत सांगतो. २०१५ च्या विजयदिन संचलनात टी-१४ अर्माता हा अगदी नव्या बांधणीचा रणगाडा दाखवला गेला, सरावाच्या दिवशी तो लाल चौकात बंद पडला होता, आणि २०२० पर्यंत २,३०० अर्माता बनवण्याचा बेत होता. २०२४ मध्ये रोस्तेक या सरकारी उद्योगसमूहाचे प्रमुख सेर्गेई चेमेझोव म्हणाले की आघाडीवर वापरायला तो फार महाग पडतो. ९ मे २०२३ च्या संचलनात मात्र एकच रणगाडा धावला, महायुद्धातला टी-३४. त्या जातीचे तीस चालू रणगाडे रशियानं २०१९ मध्ये लाओसकडून परत आणले होते.

रणगाड्यांपेक्षाही मला जास्त बोलका वाटतो तो तोफांच्या नळ्यांचा हिशोब, कारण तो झाकता येत नाही. प्रत्येक गोळा सुटताना नळीच्या आतलं पोलाद थोडंसं खरवडलं जातं. आतल्या आट्या झिजतात, गोळा डगमगतो, नेम चुकतो, आणि शेवटी नळी फुटण्याची भीती येते. जड तोफेची नळी साधारण दोन-तीन हजार गोळ्यांची धनी. २०२४ च्या सुरुवातीला नाटोच्या अधिकाऱ्यांचा अंदाज होता की रशिया दिवसाला दहा हजार गोळे डागतो. ते वर्षाचे साडेछत्तीस लाख झाले. त्याला नळीच्या आयुष्यानं भागलं की वर्षाला बाराशे ते अठराशे नळ्या लागतात. रोज तीन ते पाच. २०२२ च्या उन्हाळ्यात रोजचे गोळे याच्या दुप्पट होते.

अशी नळी साध्या कारखान्यात होत नाही. तापलेल्या पोलादाच्या दांड्यावर चारी बाजूंनी हातोडे मारत तो फिरवत लांबवणारं खास यंत्र त्याला लागतं. रशियातली अशी यंत्रं ऑस्ट्रियाहून आलेली, त्यांतली बरीच सोव्हिएत काळात विकत घेतलेली. ती मोजकीच आहेत. त्यामुळे पुन्हा कोठाराकडे जावं लागलं. उपग्रहचित्रांत ओढून न्यायच्या जुन्या तोफांचे ढीग दिसू लागले, ज्यांच्या नळ्या कापून नेल्या होत्या आणि नुसते गाडे फेकून दिले होते. १९५० च्या सुमाराच्या डी-२० तोफेची नळी अकात्सिया या चालत्या तोफेला जमते, म्हणून पडून राहिलेल्या डी-२० तोफा एकाएकी मोलाच्या ठरल्या. पुढं १९४३ ची डी-१ हॉवित्झरही आघाडीवर दिसली. आणि मग उत्तर कोरियाची १७० मिलिमीटरची कोक्सान तोफ रशियन रेल्वेवर आली. आपलं कोठार आटलं तेव्हा शेजाऱ्याचं उघडावं लागलं.

काही गोष्टींना मात्र कोठारच नाही. तुपोलेव टीयू-९५एमएस या लांब पल्ल्याच्या बॉम्बफेकी विमानाचं उत्पादन १९९२ मध्ये थांबलं आणि टीयू-२२एम३ चं १९९३ मध्ये. टीयू-९५ चं मूळ रूप आकाशात झेपावलं नोव्हेंबर १९५२ मध्ये. ज्या साच्यांवर ही विमानं घडली ते साचेच आता नाहीत. १ जून २०२५ ला युक्रेननं ट्रकांमध्ये लपवून नेलेले ११७ ड्रोन रशियाच्या आत खोलवर, अगदी सायबेरियातल्या बेलाया तळापर्यंत सोडले. युक्रेनच्या म्हणण्यानुसार ४१ विमानांना फटका बसला. अमेरिकी अधिकाऱ्यांनी वीसच्या आसपास विमानांना मार बसल्याचं आणि त्यांतली दहा पूर्ण नष्ट झाल्याचं सांगितलं. लहान आकडा धरला तरी ती दहा विमानं पुन्हा बनणार नाहीत. ए-५० या रडारवाहू विमानांचं तेच. रशियाकडे वापरात जेमतेम नऊच्या आसपास होती, त्यांतली दोन २०२४ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, सव्वा महिन्याच्या अंतरानं गेली.

नौदलाच्या कहाणीत एक शहर वारंवार येतं, ते म्हणजे दक्षिण युक्रेनमधलं मिकोलायिव. मोस्क्वा या क्रूझरची बांधणी तिथं १९७६ मध्ये सुरू झाली. १४ एप्रिल २०२२ ला ती युक्रेनी नेपच्यून क्षेपणास्त्रांच्या माऱ्यानंतर काळ्या समुद्रात बुडाली. रशियाची एकमेव विमानवाहू नौका अॅडमिरल कुझनेत्सोव हीसुद्धा तिथलीच, १९८५ मध्ये पाण्यात उतरलेली. २०१६ मध्ये ती सीरियाला गेली तेव्हा तिच्या धुराचा काळा लोट क्षितिजापलीकडून दिसत होता, सोबत ओढून नेणारी टग बोट ठेवली होती, आणि तीन आठवड्यांत तिची दोन विमानं समुद्रात गेली. २०१८ मध्ये दुरुस्ती चालू असताना पीडी-५० हा तरंगता डॉक वीज जाऊन बुडाला आणि ७० टनांची क्रेन डेकवर कोसळली. पुढच्या वर्षी आग लागून दोन माणसं मेली आणि चौदा जखमी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा आग. ही नौका १९९१ नंतर जितकी वर्षं समुद्रात होती त्याहून जास्त गोदीत किंवा धक्क्याला होती.

याच मिकोलायिवमध्ये झोर्या-माशप्रोएक्त हा जहाजांची गॅस टर्बाइन बनवणारा कारखाना आहे, आणि इथं हा विषय आपल्या किनाऱ्याला लागतो. रशियानं ग्रिगोरोविच जातीच्या सहा फ्रिगेट बांधायला घेतल्या. २०१४ मध्ये रशियानं क्रिमिया घेतल्यावर युक्रेननं इंजिनं देणं बंद केलं. तिघींना इंजिनं मिळाली होती, उरलेल्या तिघींचे सांगाडे इंजिनाविना कालिनिनग्रादच्या गोदीत पडून राहिले. त्यातले दोन भारतानं घेतले, युक्रेनकडून टर्बाइन स्वतः विकत घेऊन रशियाला पोचवली, आणि त्यातून आयएनएस तुशील डिसेंबर २०२४ मध्ये आणि आयएनएस तमाल जुलै २०२५ मध्ये आपल्या नौदलात आली. त्यांच्या पुढच्या दोन भगिनी, त्रिपुट आणि तवस्य, गोवा शिपयार्डमध्ये बांधल्या जात आहेत. गोव्याच्या हंसा तळावर रशियन मिग-२९के विमानं आहेत. कॅगच्या २०१६ च्या अहवालात नोंद आहे की उड्डाणाला तयार असलेल्या मिग-२९के विमानांचं प्रमाण १५.९३ ते ३७.६३ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं. शंभरातली बासष्ट तर नेहमी जमिनीवर. नाशिकजवळच्या ओझरला सुखोई-३० बनली आणि तिथल्याच हवाई दलाच्या डेपोत ती उघडून पुन्हा जुळवली जातात. जिथं आपण स्वतः दुरुस्ती शिकलो तिथं यंत्र उभं राहिलं, आणि जिथं सुट्या भागांसाठी वाट पाहत बसलो तिथं नाही, असं या दोन तळांकडे पाहून मला वाटतं. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या आकड्यांत भारताच्या शस्त्रआयातीतला रशियाचा वाटा २०१०-१४ मध्ये ७२ टक्के होता, तो २०२०-२४ मध्ये ३६ टक्क्यांवर आला.

एवढं वाचून रशियाचं लष्कर म्हणजे भंगार असं मनात येऊ शकतं. तसं समजणं चूक आहे, आणि ती फार क्रूर चूक आहे, कारण जुनं शस्त्र मारतंच. फक्त ते कोणाला मारेल याचा भरवसा उरत नाही.

सोव्हिएत संघ फुटल्यावर युक्रेनच्या वाट्याला आलेली काही बॉम्बफेकी विमानं आणि क्षेपणास्त्रं त्यानं १९९९-२००० मध्ये रशियाला दिली. आठ टीयू-१६०, तीन टीयू-९५एमएस आणि ५७५ केएच-५५ क्षेपणास्त्रं. बदल्यात २८ कोटी ५० लाख डॉलरची गॅसची उधारी माफ झाली. २०२२ च्या हिवाळ्यात त्याच जातीची क्षेपणास्त्रं, अणुबॉम्बच्या जागी निकामी वजन भरून, कीव्हवर सोडली गेली, युक्रेनची हवाई संरक्षणाची अस्त्रं त्यांच्यावर खर्ची पडावीत म्हणून.

केएच-२२ त्याहून जुनं. १९६० च्या दशकात विमानवाहू नौका बुडवण्यासाठी बनवलेलं, साडेअकरा मीटर लांब, जवळपास टनभर स्फोटक वाहणारं. भर समुद्रात एकट्या पोलादी जहाजाचा रडारवर मोठा ठिपका शोधायचा, एवढंच त्याच्या डोळ्याला येतं. शहरात कारखाना कुठला आणि घर कुठलं हे त्याला कळत नाही, शेकडो मीटरनं चुकतं. २७ जून २०२२ ला क्रेमेंचुकच्या गजबजलेल्या बाजारसंकुलावर ते पडलं, वीसहून जास्त माणसं गेली. १४ जानेवारी २०२३ ला नीप्रो शहरात नऊ मजली रहिवासी इमारतीवर पडलं. ४६ माणसं गेली, त्यांत सहा मुलं होती. शनिवारची दुपार होती, लोक घरी होते. भरवशाचा नसलेला शस्त्रसाठा म्हणजे दुबळा शस्त्रसाठा असं म्हणणाऱ्यानं नीप्रोचं ते उघडं पडलेलं स्वयंपाकघर पाहावं, पिवळ्या भिंती आणि टेबलावर तशीच राहिलेली फळं.

असं शस्त्र स्वतःच्या माणसांवरही पडतं. एप्रिल २०२३ मध्ये रशियाच्याच सुखोई-३४ विमानातून सुटलेला बॉम्ब रशियाच्याच बेल्गोरोद शहरात रस्त्यावर पडला आणि वीस मीटर रुंद खड्डा झाला. १९६२ च्या बांधणीच्या साध्या बॉम्बला स्वस्त पंख आणि दिशादर्शक जोडून तो दुरून सोडायचा, ही नवी रीत त्याच सुमारास सुरू झाली होती. २०२४ मध्ये असे चाळीस हजारांच्या आसपास बॉम्ब पडल्याचं युक्रेननं सांगितलं. पंख नवे, पोटातला बॉम्ब आजोबांच्या काळातला.

नीप्रोचं आणखी एक नातं या सगळ्याशी आहे. रशियाकडचं सगळ्यात जड आंतरखंडीय क्षेपणास्त्र, २११ टनांचं आर-३६एम२ व्होयेवोदा, दहा अण्वस्त्रं वाहू शकणारं, ते बनलं नीप्रोमध्ये, युझमाश कारखान्यात. १९८८ पासून ते तैनात झालं. त्याची देखभाल आणि आयुर्मान वाढवण्याचं काम २०१४ पर्यंत युक्रेनी तंत्रज्ञ रशियात जाऊन करत. आता ते जात नाहीत. त्याची जागा घ्यायला सार्मात हे रशियानं स्वतः बनवलेलं क्षेपणास्त्र आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्याची एक चाचणी यशस्वी झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये प्लेसेत्स्कच्या तळावर ते जमिनीतल्या नळकांड्यातच फुटलं, आणि उपग्रहचित्रांत तिथं साठ मीटर रुंद खड्डा दिसला. तोवर क्रास्नोयार्स्कमधल्या उझूरला आणि ओरेनबुर्गमधल्या दोंबारोव्स्कीला जमिनीखाली व्होयेवोदाच उभी आहेत. ती बनली तेव्हा त्यांची हमी पंधरा वर्षांची होती. आता पस्तीस होत आली, आणि ज्या शहरानं ती बनवली त्या शहरावर त्यांच्याच मालकाची जुनी क्षेपणास्त्रं पडताहेत.